शेवंती फोफावते पण कळी धरत नाही? आधी रात्रीचा दिवा बघा

ऑक्टोबर अर्धा सरला की ओळखीपाळखीतून मला एकच प्रश्न येतो. शेवंतीचं झाड कमरेएवढं झालंय, पाला हिरवागार आहे, पानावर एक डाग नाही, पण शेंड्याला कळीचा पत्ता नाही. मागच्या दिवाळीत नर्सरीतून आणलं तेव्हा फुलांखाली पानं दिसत नव्हती. मग वर्षभरात बिघडलं काय? कुणी म्हणतं जात खराब निघाली, कुणी म्हणतं नागपूरच्या हवेत शेवंती एकदाच फुलते. दोन्ही खरं नाही.

माझ्याकडे हे २०२२, २०२३ आणि २०२४ असं ओळीनं तीन वर्षं झालं. आम्ही नागपुरात मानेवाड्याकडे राहतो. घर पहिल्या मजल्यावर, बाल्कनी रस्त्याच्या बाजूला, पूर्वेचं छान कोवळं ऊन. मार्गशीर्षातल्या गुरुवारी घरची शेवंती वाहावी एवढीच माझी इच्छा होती. तीनही वर्षं ती बर्डीच्या फूलबाजारातून पावशेर विकत आणली आणि घरी आल्यावर माझ्या हिरव्या, वांझ झाडांकडे बघून जीव तुटला.

त्या तीन वर्षांत मी काय काय केलं ते आधी सांगते, कारण बहुतेक जण हेच करतात. फुलं नाहीत म्हणजे झाड उपाशी असेल असं समजून ढेप भिजवून तिचं पाणी घातलं. मग १९:१९:१९ खत, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात. मग केळीच्या सालींचं पाणी. झाड आणखी वाढलं, पानं तळहाताएवढी झाली आणि फांद्या नरम पडून बाहेर झुकल्या. नत्र भरपूर मिळालं की झाड पाला वाढवतं, फुलाकडे वळायचं लांबवतं. म्हणजे माझी चूक मीच वाढवत होते. दुसऱ्या वर्षी वाटलं ऊन कमी पडतंय, म्हणून कुंड्या अगदी कठड्याला टेकवून ठेवल्या. हा उपाय तर पुरता उलटा होता. तो का उलटा, ते पुढे येईलच.

खरं कारण दिसलं ते नोव्हेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात. पिवळ्या बटण शेवंतीची एक मोठी कुंडी बाल्कनीच्या कोपऱ्यात, छताला आधार देणाऱ्या खांबापाशी होती. झाडता झाडता मी ती फिरवली आणि थबकले. खांबाच्या आड असलेल्या सात-आठ फांद्यांवर कळ्या होत्या, वाटाण्याएवढ्या, टोकाशी पिवळी कड दाखवणाऱ्या. रस्त्याकडच्या फांद्यांवर एकही नाही. कुंडी एक, माती एक, पाणी एक, खत एक. झाडावर जणू खांबाच्या कडेनं उभी रेघ मारली होती. त्या रात्री जेवणं झाल्यावर दिवा न लावता बाल्कनीत जाऊन उभी राहिले. रस्त्यावरच्या खांबाचा पांढरा एलईडी समोरून, जवळजवळ डोळ्यांच्या पातळीवरून, सरळ कुंड्यांवर पडत होता. बाल्कनीच्या खांबाची सावली त्या झाडावर बरोबर कळ्यांच्या बाजूला होती.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजींकडे गेले. मार्चमध्ये मी त्यांना याच झाडाच्या तीन काश्या, म्हणजे बुडातून फुटलेले मुळांसकट कोंब, दिल्या होत्या. त्यांनी त्या घरामागच्या सांदवाडीत, फुटक्या बादलीत लावल्या होत्या. त्या बादलीत पानांपेक्षा कळ्या जास्त. मी विचारलं, "आजी, रात्री इथे दिवा असतो का हो?" त्या म्हणाल्या, "कायचा दिवा वं बाई! सांदवाडीत पाय ठेवाले बॅटरी लागते."

शेवंती हे सूर्यफुलाच्या, झेंडूच्या कुळातलं झाड. तिला 'लहान दिवसाचं' झाड म्हणतात. दिवस लहान झाले की फुलतं ते. पण झाड मोजतं ती खरं म्हणजे रात्र. अखंड अंधार किती तास मिळाला, हे ते बघतं. १९३८ साली कार्ल हॅमनर आणि जेम्स बॉनर या दोघांनी अमेरिकेत हे फार सुंदर रीतीनं दाखवलं, आणि त्यांनी घेतलेलं झाडही याच कुळातलं होतं: आपल्याकडे पडीक प्लॉटवर उगवणारं, काटेरी बोंडं कपड्यांना चिकटवणारं गोखरू. लांब रात्रीच्या मध्यावर त्यांनी थोडाच वेळ उजेड पाडला, तर झाड फुललं नाही. उलट दिवसाच्या मध्ये थोडा वेळ अंधार केला, तर त्याचा काही परिणाम झाला नाही. पानात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं. उजेडातल्या लाल भागानं ते एका रूपात जातं, अंधारात हळूहळू परत फिरतं. मध्येच उजेड पडला की ते पुन्हा पहिल्या रूपात जातं आणि अंधाराची मोजणी नव्यानं सुरू होते. झाडाच्या लेखी ती मोठी रात्र राहत नाही, दोन छोट्या रात्री होतात.

फुलशेती करणारे याच गोष्टीचा मुद्दाम उपयोग करतात. शेवंती उंच वाढेपर्यंत तिनं फुलू नये म्हणून पॉलिहाऊसमध्ये रात्री दहा ते दोनच्या सुमारास दिवे लावून ठेवतात. हवी तेवढी उंची झाली की दिवे बंद करतात, किंवा संध्याकाळपासून सकाळपर्यंत काळं कापड ओढतात, आणि ठरलेल्या आठवड्यात फुलं काढतात. आपल्या बाल्कनीसमोरचा रस्त्याचा दिवा नकळत त्यातलं पहिलं अर्धं काम रोज, वर्षभर करत असतो. दुसरं अर्धं काम कुणीच करत नाही.

आता नागपूरचा हिशेब बघा, कारण मला तो कळल्यावर फार धीर आला. शेवंतीच्या बहुतेक जाती दिवस साडेचौदा तासांच्या खाली आला की कळी धरू शकतात, आणि धरलेली कळी नीट वाढायला तो साडेतेराच्याही खाली लागतो. युरोपात उन्हाळ्याचे दिवस याहून कितीतरी मोठे असतात, म्हणून तिथे सूर्यच अडवतो. आपलं नागपूर २१ अंश अक्षांशावर. इथे जूनमधला सर्वांत मोठा दिवसही साडेतेरा तासांच्या किंचित आत. सप्टेंबरच्या २२-२३ तारखेला दिवस-रात्र जवळपास सारखे, डिसेंबरमध्ये दिवस अकरा तासांच्याही आत. म्हणून तर आपल्याकडे कधी कधी जूनमध्येच एखादी चुकार कळी दिसते. पहाटेचा आणि संध्याकाळचा संधिप्रकाश धरला, कडक उन्हाळ्यानं होणारा उशीर धरला, जातीजातीतला फरक धरला, तरी सप्टेंबरपासून पुढे आपल्या आकाशात शेवंतीला अडवणारं काहीही नाही. इथे अडवतो तो विजेचा दिवा.

तुमच्याकडे कारण हेच आहे का, हे एका रात्रीत कळतं. घरातले सगळे दिवे बंद करा आणि नऊ-साडेनऊला कुंडीपाशी वर्तमानपत्र घेऊन उभे राहा. बातमीची बारीक अक्षरं वाचता आली तर उजेड नक्की जास्त आहे. फक्त ठळक मथळा दिसत असेल तरी मी तिथे शेवंती ठेवणार नाही. व्यावसायिक शेतीत झाड रोखायला साधारण १०० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं माप) उजेड वापरतात, पण त्याच्या बऱ्याच खालचा उजेडही पुष्कळ जातींना पुरतो, विशेषतः तो रात्रभर पडत असेल तर. एक गोष्ट विसरू नका: कुंडीच्या उंचीला वाकून बघा. आपण उभे असतो तिथे सावली असते आणि खाली झाडावर उजेड असतो, असं माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली झालं होतं.

आणि फक्त रस्त्याचा दिवा बघून थांबू नका. जिन्यातला रात्रभर चालू राहणारा बल्ब, पार्किंगमधला माणूस हलला की पेटणारा दिवा, समोरच्या दुकानाची पाटी, फाटकावरचा गोल दिवा. हलल्यावर पेटणारा दिवा फसवा असतो. आपण बघायला जातो तेव्हाच तो लागतो, म्हणून तो रात्री किती वेळा लागतो हे कळतच नाही. आमच्या इमारतीत मांजरांनी तो रात्रभर पेटता ठेवलेला मी पाहिलाय. नवरात्रात मंडळाची रोषणाई समोर असेल आणि तुमची जात उशिरा कळी धरणारी असेल, तर ते नऊ दिवसही धरा. आकाशकंदील आणि तुळशीपाशी सोडलेल्या माळांचंही तेच. लवकरच्या जातींच्या कळ्या दिवाळीपर्यंत पक्क्या झालेल्या असतात, त्यांना फारसा फरक पडत नाही. डिसेंबर-जानेवारीत फुलणाऱ्या मोठ्या फुलांच्या जाती त्याच वेळी कळी धरत असतात. त्यांच्यापासून माळा दूर लावा.

झाडही खूण देतं. शेंड्याला एकच कळी येऊन अडकलेली दिसली, आणि तिच्याखालची पानं नेहमीसारखी कातरलेली नसून अरुंद, पट्टीसारखी असतील, तर ती अर्धवट मिळालेल्या अंधाराची कळी समजा. थोड्या रात्री लांब मिळाल्या, पुढच्या मोडल्या. ती कळी आठवडेच्या आठवडे तेवढीच राहते आणि खालून नवे पानांचे कोंब तिला ओलांडून वर जातात. तिची वाट बघू नका. नखानं खुडा, कुंडी अंधाराच्या जागी न्या, बाजूच्या कोंबांवर नीट कळ्या येतील.

उपाय म्हटला तर एका ओळीचा आहे. दिवसा ऊन, रात्री काळोख. पण तो करताना कुठे चुकतं तेही सांगते.

सर्वांत चांगलं म्हणजे १ सप्टेंबरला कुंडी अशा जागी हलवायची जिथे दिवसा निदान पाच-सहा तास ऊन आहे आणि रात्री रस्त्याचा उजेड पोचत नाही. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या मागची बाजू, घरामागचं आंगण, सांदवाडीचं तोंड. कळ्यांवर रंग दिसेपर्यंत तिथेच ठेवायची. रंग दिसल्यावर खुशाल समोरच्या दारात आणा, मग दिवा तिचं काही बिघडवत नाही. रोज सकाळी बाहेर आणि रात्री आत अशी ने-आण करायचा उत्साह पहिले आठ दिवस टिकतो. घरात आणायची असेल तर खोलीत रात्री दिवा लागणार नाही अशी खोली हवी, आणि तशी खोली आपल्या घरात बहुधा नसते.

जागा नसेल तर झाकायचं. मी जाड काळ्या सुती कापडाची दुहेरी पिशवी शिवली, चार काठ्या कुंडीत खोचल्या आणि त्यावर ती गोणपाटासारखी उतरवली. काळं प्लास्टिक वापरू नका. आत वाफ धरते, पानं सकाळी ओलीचिंब निघतात आणि आठवड्यात काळे ठिपके पडतात, मी ते करून बघितलंय. पुस्तकात वाचून काही जण संध्याकाळी पाचलाच झाकतात. तो सल्ला मोठ्या दिवसांच्या देशांसाठी आहे. आपल्याकडे सूर्य आपलं काम करतोच, आपल्याला फक्त दिवे अडवायचेत. सूर्य मावळून रस्त्याचे दिवे लागले की झाका, सकाळी उजाडलं की काढा. सप्टेंबरच्या उकाड्यात पाच वाजता काळ्या कापडाखाली झाड उकडून निघतं, आणि फार गरम रात्री शेवंतीची कळी आणखी लांबवतात.

झाकायचं ते संपूर्ण झाड. नुसते शेंडे झाकून चालत नाही, कारण रात्र मोजतात ती पानं. १९३०च्या दशकात मिखाईल चैलाख्यान या सोव्हिएत शास्त्रज्ञानं हे शेवंतीवरच करून दाखवलं. वरच्या शेंड्याची पानं काढून टाकली, खालच्या पानांना लांब रात्री दिल्या आणि शेंडा मात्र मोठ्या दिवसांत ठेवला, तरी शेंड्यावर फूल आलं. उलट केलं, तर आलं नाही. म्हणजे पान काहीतरी तयार करून वर पाठवतं. त्यानं त्या न दिसलेल्या गोष्टीला 'फ्लोरिजेन' असं नाव दिलं. एवढं वाचल्यावर मी खालची पानं उगाच तोडायची सवय सोडली. पिवळी पडलेली, डागाळलेली तेवढी काढायची.

मध्ये रात्री चुकवू नका. पहिले तीन-चार आठवडे सर्वांत महत्त्वाचे, कळी डोळ्यांना दिसायच्या आधीच ठरलेली असते. लग्नाला बाहेरगावी जाणार असाल तर कुंडी शेजारच्या अंधाऱ्या अंगणात ठेवून जा.

दिव्याखालोखाल दुसरं कारण म्हणजे शेंडा उशिरा खुडणं, आणि ते मी आईकडून शिकलेल्या गोष्टीमुळे करत होते. शेंडे खुडले की बाजूनं फांद्या फुटतात, झाड गोल, भरगच्च होतं, हे बरोबरच आहे. जूनपासून दर तीन-चार आठवड्यांनी, फांदीवर पाच-सहा पानं झाली की वरची दोन पानं शेंड्यासकट खुडायची. प्रश्न शेवटच्या खुडणीचा. आई म्हणायची, "पोळ्यापर्यंत खुडावं, मारबत गेली की हात लावू नये." मारबत म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी पुतळ्यांची मिरवणूक. तिचं खेड्यातलं अंगण अंधाराचं होतं आणि तिचं बहुतेक वर्षी जमून जायचं. पण पोळा येतो तिथीनं, शेवंती चालते सूर्यानं. २०२३ साली अधिक श्रावण होता, पोळा १४ सप्टेंबरला आला. मी त्या दिवशी सगळ्या कुंड्यांचे शेंडे खुडले. खांबाआडच्या ज्या थोड्या फांद्या कदाचित कळी धरत होत्या, त्यांचीच डोकी मी उडवली. २०२५ साली पोळा २२ ऑगस्टला होता, त्या वर्षी आईचा नियम बरोबर बसला असता. म्हणून मी आता तारीख धरते: नागपुरात शेवटची खुडणी २५ ऑगस्टच्या आत. जात उशिराची असेल, डिसेंबरनंतर फुलणारी, तर आठ-दहा दिवस इकडेतिकडे चालतील. सप्टेंबर अर्धा झाला की कात्री आत ठेवायची.

जातीचा फरक खरोखरच मोठा असतो. लांब रात्री सुरू झाल्यापासून फूल उमलेपर्यंत काही जातींना सहा-सात आठवडे लागतात, काहींना बारा ते पंधरा. तुमच्या शेजारणीची ऑक्टोबरअखेर फुलली आणि तुमच्यावर तेव्हा नुसते दाणे असतील, तर घाबरायचं कारण नाही. दाणे असणं आणि काहीच नसणं, यात फरक करा. शेंड्याची पानं बोटांनी अलगद उघडून बघा. मध्ये टोकदार, केसाळ, घडी घातलेलं पान असेल तर झाड अजून वाढतंय. मध्ये ज्वारीच्या दाण्यासारखी चपटी, गोल, घट्ट गाठ असेल तर ती कळी आहे.

नर्सरीतल्या झाडाबद्दल एक खुलासा, कारण त्यावरून पुष्कळ जणांचा हिरमोड होतो. दिवाळीत मिळणारी वीतभर उंचीची, उशीसारखी गोल शेवंती बऱ्याचदा वाढ रोखणारं औषध फवारून आणि अंधाराचं वेळापत्रक पाळून तयार केलेली असते. दुसऱ्या वर्षी औषधाचा असर नसतो, म्हणून तेच झाड दोन-अडीच फूट होतं. जात बदललेली नसते, ते तिचं खरं अंग असतं. खुडणी नीट केली आणि काठीचा आधार दिला की तेही तितकंच फुलतं.

फुलायला झाड मुळात सप्टेंबरपर्यंत जिवंत हवं, आणि आपल्याकडे ते दोनदा मरायला टेकतं. फुलं संपली की फेब्रुवारीत फांद्या मातीपासून चार बोटांवर कापा. बुडातून काश्या फुटतात. मार्चमध्ये त्या मुळांसकट सोडवून लहान कुंड्यांत लावा आणि जुना खोड टाकून द्या. जुन्या खोडाचा मोह धरला की पुढच्या वर्षी झाड मधून टक्कल पडल्यासारखं होतं. मेअखेरच्या नवतपाच्या दिवसांत, पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा, हिरव्या जाळीखाली सकाळचं ऊन तेवढं द्यायचं आणि पाणी दिवस उगवायच्या आधी. एसीच्या बाहेरच्या यंत्रातून येणाऱ्या गरम झोतासमोर कुंडी ठेवू नका, ही चूक घरोघरी दिसते.

दुसरा धोका जुलै-ऑगस्टचा. आपली काळी माती पाणी धरून बसते, आणि शेवंतीच्या मुळांना उभं पाणी दोन दिवसही सोसत नाही. संध्याकाळी झाड माना टाकतं, आपल्याला वाटतं तहानलंय, आपण आणखी पाणी घालतो आणि ते जातं. कुंडीत काळी माती एक भाग, जाड वाळू एक भाग, कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, वर मूठभर निंबोळी पेंड, एवढं माझ्याकडे उत्तम चालतं. पावसाळ्यात कुंडी दोन विटांवर ठेवा आणि खालचं भोक काडीनं मोकळं आहे ना बघा. खालची पानं काळ्या ठिपक्यांनी खालून वर वाळत निघाली तर ती काढून जाळा, पाणी पानांवर न घालता बुडाशी घाला, आणि गरज वाटली तर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम फवारा. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसलं तर ते लोहाच्या कमतरतेचं लक्षण. आपली चुनखडीची माती आणि बोअरचं जड पाणी मुळांना लोह घेऊ देत नाही. पावसाचं पाणी साठवून तेच घातलं तर माझ्याकडे दोन-तीन आठवड्यांत फरक पडतो.

खत ऑगस्टअखेरपर्यंतच नत्राचं. त्यानंतर पालाश जास्त असलेलं, तेही पातळ आणि पंधरा दिवसांतून एकदा. कळीवर रंग आला की बंद.

वर सांगितलेली पट्टीसारख्या पानांची अडकलेली कळी सोडली, तर कळी येऊनही फूल न उमलणं ही वेगळी तक्रार आहे, तिचं दिव्याशी नातं नाही. कळीच्या देठावर काळपट, चकचकीत, चिकटून बसलेले किडे दिसले तर तो मावा. पाण्याचा जोरदार फवारा सकाळी, आणि चार दिवसांनी निंबोळी तेल लिटरला पाच मिली, थोड्या साबणाच्या पाण्यात. पाकळ्यांच्या कडा तपकिरी होऊन कळी अर्धवट राहिली तर ती पांढऱ्या कागदावर झटका. बारीक, लांबट फुलकिडे चालताना दिसतील.

आता २०२५ चा हिशेब. त्या वर्षी माझ्याकडे आठ कुंड्या होत्या, सगळ्या एकाच पिवळ्या बटणाच्या काश्या. २० ऑगस्टला शेवटचे शेंडे खुडले. १ सप्टेंबरला पाच कुंड्या गच्चीवर टाकीमागे नेल्या, दोन बाल्कनीतच ठेवून रोज रात्री झाकल्या, आणि एक मुद्दाम कठड्याला दिव्यासमोर ठेवली, खात्री करायला. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात टाकीमागच्या पाचही कुंड्यांवर दाणे दिसले. झाकलेल्या दोन्हींवर आठवडाभर उशिरा, कारण दोन रात्री पाऊस होता म्हणून मी कापड घातलं नव्हतं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहिलं फूल उमललं, आणि मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी पूजेला सगळी फुलं घरची होती. एक वाटी आजींना दिली, त्यांच्या बादलीत आधीच भरपूर असूनही.

कठड्यावरची आठवी कुंडी नोव्हेंबर संपला तरी हिरवीच. ज्यांचं झाड आज, ऑक्टोबरात किंवा नोव्हेंबरात, तसंच कोरं उभं आहे, त्यांच्यासाठी हे शेवटचं. या वर्षीचं गेलं असं समजून ते कापू नका, शेंडे तर मुळीच खुडू नका. खत थांबवा आणि आज रात्रीच कुंडी काळोखात न्या. आपल्याकडे लांब रात्री फेब्रुवारीपर्यंत असतात. माझी ती आठवी कुंडी मी १ डिसेंबरला टाकीमागे नेली. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ती फुलली, थंडी ओसरत आली होती तरी फुलं दोन आठवडे टिकली, आणि मार्चमध्ये मी तिच्याही काश्या काढल्या.